वडी की पावडर, त्याआधी पाणी बघा

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मेसेज आला. "डिशवॉशर विकणे आहे. दीड वर्ष वापरलेला, चालू स्थितीत." वाचून मी तसाच वर गेलो. कारण त्यांच्या मुलाने ते मशीन कशासाठी घेऊन दिलं होतं हे मला माहीत होतं. काकूंच्या दोन्ही मनगटांना संधिवात आहे. एका हाताने कढई धरायची आणि दुसऱ्या हाताने घासायची हे त्यांना आता होत नाही.

"अरे, काय करायचंय ठेवून? हे बघ." त्यांनी काचेचा पेला माझ्यापुढे धरला. ताक पिऊन न विसळता वाळवल्यासारखा पांढुरका. स्टीलच्या ताटांवर थेंबांचे ठसे. आमटीच्या पातेल्याच्या काठावरून बोट फिरवलं तर मेणचट लागलं. "दोन तास मशीन घरघरतं, लाईट जळते, आणि मग मीच उभी राहून परत घासते. पावडरी तीन बदलल्या. शेवटी महागातल्या वड्या आणल्या. तरी हेच."

मी त्यांच्याकडून अर्धं लिंबू मागून घेतलं. पेल्याच्या एका बाजूला चोळलं, मिनिटभर थांबलो आणि पाण्याखाली धरला. चोळलेली बाजू लख्ख झाली, दुसरी तशीच पांढरी. काकू बघतच राहिल्या.

ही लिंबाची परीक्षा डिशवॉशर असलेल्या प्रत्येक घराने करावी. पांढरेपणा लिंबाने किंवा व्हिनेगरने गेला, तर तो पाण्यातला चुना. नाही गेला, तर काचच झिजली आहे आणि ती परत कधीही पूर्वीसारखी होणार नाही. दोन्ही दिसायला सारखेच, पण कारणं अगदी उलट. चुना बसतो जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याने. काच झिजते ती बहुतेक वेळा हलक्या पाण्यात गरजेपेक्षा जास्त पावडर टाकून, वर मशीन फार गरम तापमानावर चालवून. पहिल्या घराने पावडर वाढवून थोडंफार भागेल, दुसऱ्या घराने वाढवली तर पेले फेकायची वेळ येईल.

मी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत 22 वर्षं आहे. बॉयलरला जाणारं पाणी तपासणं हे रोजचं काम. फ्लास्कमध्ये पाणी घ्यायचं, बफर आणि रंग दाखवणारा इंडिकेटर टाकायचा की ते दारूसारखं लालजांभळं होतं. मग ब्युरेटमधून ईडीटीएचे, म्हणजे कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या रसायनाचे, थेंब सोडत जायचं. एका थेंबाला अचानक निळं झालं की थांबायचं आणि पाण्याच्या जडपणाचा आकडा लिहायचा. लाख रुपयांचा बॉयलर असो की चाळीस हजारांचा डिशवॉशर, पाण्यातलं कॅल्शियम, म्हणजे तोच चुना, दोघांशी सारखंच वागतं. म्हणून मला मनापासून वाटतं की "कुठली पावडर चांगली?" हा प्रश्न आपण एक पायरी सोडून विचारतो. आधी विचारा, माझ्या नळाला येतं ते पाणी कुठलं?

ठाण्याला महापालिकेचं पाणी येतं ते प्रामुख्याने भातसा आणि उल्हास नदीचं. नवी मुंबईला मोरबे धरणाचं. सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून उतरलेलं पावसाचं पाणी, त्यात चुना कमी. मी घरच्या नळाचं तपासलं तेव्हा लिटरला दोन आकड्यांतच मिलिग्रॅम निघाले. पण उन्हाळ्यात ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या, आमच्यासारख्या कितीतरी सोसायट्यांना टँकर घ्यावे लागतात, आणि टँकरचं पाणी बऱ्याचदा बोअरचं असतं. आमच्या टाकीत मे महिन्यात पडलेलं पाणी मी तपासलं तेव्हा तीनशेच्या वर गेलं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं. शाळेत आपण अशा जड पाण्याला दुष्फेन पाणी म्हणायला शिकलो. घरात एवढंच कळतं की साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या तळाशी पांढरं बसतं. तोच नळ, तीच बिल्डिंग, पण फेब्रुवारीतलं पाणी आणि मेमधलं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. काकूंनी पावडरी बदलल्या त्या नेमक्या टँकरच्या दिवसांत.

मी खालचा रॅक बाहेर काढला आणि तळाशी असलेलं मोठं झाकण फिरवून उघडलं. आत पाणी होतं, मिठाचा एक कण नाही. "यात मीठ घालायचं असतं?" काकूंनी विचारलं. दीड वर्षात त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. मशीन बसवायला आलेल्या माणसाने बटणं दाखवली, पावती दिली आणि तो गेला. याचा मला खरंच राग येतो. घेताना ऑफर समजावून सांगायला अर्धा तास असतो, आणि ज्यावर सगळं धुणं अवलंबून आहे त्या झाकणाबद्दल बोलायला दोन मिनिटं नसतात.

मशीनमध्ये पाणी हलकं करणारी एक डबी असते, रेझिनच्या बारीक मण्यांची. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मणी धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते धुवून निघतात. मीठ संपलं की मणी तुंबलेलेच राहतात. मग पुढे तुम्ही कितीही भारी पावडर टाका, तिची निम्मी ताकद चुन्याशी झगडण्यातच जाते. तेलापर्यंत ती पोचतच नाही. 'ऑल इन वन' वड्यांत कॅल्शियमला बांधून ठेवणारे घटक असतात हे खरं, पण त्यांची एक मर्यादा असते. टँकरचं पाणी ती सहज ओलांडतं.

आणि मीठ डिशवॉशरचंच घ्या. स्वयंपाकाच्या मिठात आयोडीन आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेली द्रव्यं असतात. खडे मीठ तर नकोच. आपल्या खाडीकाठच्या मिठागरांतलं मीठ पावसाळ्यात पाझरतं ना, ते त्यातल्या मॅग्नेशियममुळे. जे काढायला बसलोय तेच आपण आत ओतू. मीठ भरताना सांडलं तर लगेच एक फेरी लावायची, नाहीतर आतलं स्टील गंजतं. मशीनवर पाण्याचा जडपणा निवडायचं सेटिंगही असतं. मी ते टँकर सुरू झाला की वाढवतो आणि जुलैत परत खाली आणतो.

आता पावडर. ब्रँडचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, पाकिटाची मागची बाजू वाचायला सांगतो. तिथे एन्झाइम लिहिलेलं असलंच पाहिजे. आपल्या भांड्यांत असतं काय? भाताची पेज वाळून पातेल्याला चिकटलेली, परातीला कणीक, दुधाच्या पातेल्यात तळाशी बसलेली साय, वरणाचा थर. म्हणजे स्टार्च आणि प्रथिनं. हाताने घासताना आपण हे जोर लावून खरवडतो. मशीनमध्ये खरवडणारं कोणी नाही, तिथे ते काम एन्झाइम करतात. अमायलेज स्टार्च तोडतं, प्रोटीएज प्रथिनं. मशीन गार पाणी घेऊन हळूहळू तापवतं, त्या वेळात हे काम होतं. म्हणून अर्ध्या तासाच्या झटपट फेरीत दुधाचं पातेलं निघत नाही. त्यात पावडरचा दोष नाही, तिला वेळच मिळत नाही.

दुसरा शब्द शोधायचा तो परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच. चहाच्या कपातला तपकिरी वळसा आणि हळद याच्याशिवाय जात नाहीत. हळदीचं मात्र खरं सांगतो. स्टील आणि काचेवरून ती साफ जाते, प्लास्टिकवरून नाही. प्लास्टिकचा डबा मशीनमधून कधीकधी लालसर होऊन येतो, कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की होतो तसा. अल्कली लागलं की हळद लाल होणारच. त्याला घाबरू नका. डबा दोन दिवस गॅलरीत उन्हात ठेवा, रंग उतरतो.

तेलतुपाचं काम गरम पाणी, सोडा आणि कमी फेसाच्या डिटर्जंटचं. इथे 'कमी फेस' महत्त्वाचं. हाताने भांडी घासायचं लिक्विड मशीनमध्ये एक चमचासुद्धा घालू नका. फेस दारातून बाहेर येतो, पंप हवा खातो आणि मशीन मध्येच थांबतं.

वडी की पावडर? माझं मत पावडर, आणि ठाम मत. वडी एका ठरावीक मापाची. एकट्या माणसाचे चार कप असोत की रविवारच्या मटणाची भांडी असोत, तेवढीच. पावडर मी साध्या दिवशी 15 ग्रॅमच्या आसपास घालतो, तळण असेल तर 25. शिवाय वडी बंद खणात असते, तो खण मुख्य धुण्यालाच उघडतो. त्याआधीच्या विसळण्याला नुसतं पाणी. मी दाराच्या आतल्या बाजूला एक छोटा चमचा पावडर मोकळी टाकतो. पहिल्याच पाण्यात तेलाचा तवंग सुटतो आणि मुख्य धुण्याला बराच हलका माल उरतो. एवढ्या एका चमच्याने माझ्याकडे फोडणीची कढई निघायला लागली. पैशाचं म्हणाल तर मी घेतो त्या पावडरीत एक फेरी वडीच्या साधारण निम्म्या खर्चात होते. वडीची एक बाजू मान्य करतो. ज्यांना वाकून मोजमाप करणं जमत नाही त्यांना ती सोपी पडते.

पावडरचा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या हवेत काहीही कोरडं राहत नाही. सिंकखाली ठेवलेलं उघडं पाकीट पंधरा दिवसांत खडा होतं. ओल लागली की परकार्बोनेटमधला ऑक्सिजन तिथेच निघून जातो, एन्झाइमही मंदावतात. गुठळी फोडून वापरली तरी आत उरतो तो बराचसा सोडा. ऑफरमध्ये पाच किलो घेण्यापेक्षा एक किलो आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, चमचा कोरडा ठेवा. डबा लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा वर ठेवा, ही पावडर डोळ्यांना आणि तोंडाला फार वाईट.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या घरगुती पावडरबद्दलही बोलायला हवं. खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व एकत्र करून डब्यात भरा, म्हणे. ओल लागताच आम्ल आणि सोडा डब्यातच एकमेकांना संपवतात. जे उरतं त्यात ना एन्झाइम ना डिटर्जंट. जड पाण्यात धुण्याचा सोडा तर स्वतःच पेल्यांवर पांढरा थर देतो. लिंबूसत्त्वाचा खरा उपयोग वेगळा आहे. दोन महिन्यांतून एकदा रिकामं मशीन त्यावर गरम फेरीत चालवा, आतला चुना उतरतो.

पाकिटावर फॉस्फेट नाही असं लिहिलेलं असेल तर मी तेच घेतो. युरोपीय संघाने 2017 पासून घरगुती डिशवॉशरच्या डिटर्जंटमध्ये फॉस्फरस (फॉस्फेटमधला घटक) जवळजवळ बंद केला, कारण तो पाण्यातल्या शेवाळाचं आणि जलपर्णीचं खत आहे. कल्याणजवळ उल्हास नदीवर पसरलेली जलपर्णी मी कामावर जाता-येता बघतो. आपलं सांडपाणी शेवटी ठाण्याच्या खाडीत जातं, जिथे फ्लेमिंगो उतरतात आणि जिला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे जगभरात महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. जड पाण्यात फॉस्फेटची पावडर चांगली धुते हे मला माहीत आहे. पण ते काम मीठ करू शकतं.

रिन्स एड, म्हणजे शेवटच्या विसळण्यात पडणारं द्रव, घाला, भांडी निथळून कोरडी निघतात, एवढंच. ॲल्युमिनियमचा कुकर आणि कढई, बिडाचा तवा, तांब्यापितळेची पूजेची भांडी, लाकडी पोळपाट हे कुठल्याही पावडरीत मशीनमध्ये घालू नका. ॲल्युमिनियम काळं पडतं ते सहजी उजळत नाही.

आणि भांडी नळाखाली विसळून मग मशीनमध्ये लावू नका. खरकटं फक्त काढून टाका. टँकरच्या दिवसांत दोन बादल्या पाणी विसळण्यात घालवायचं, आणि एन्झाइमला तोडायला काही ठेवायचंच नाही, यात पाण्याचंही नुकसान आणि पावडरीचंही.

त्या दिवशी काकूंच्या मशीनमध्ये मी माझ्याकडचं मीठ भरलं, सेटिंग वर नेलं. वरच्या फवाऱ्याच्या भोकांत मोहरीचे दाणे अडकले होते, ते टाचणीने काढले. रिकामी फेरी लिंबूसत्त्वावर लावली. रात्रीची भांडी न विसळता लावायला सांगितली, तेव्हा त्यांचा जीव वरखाली होत होता. "अरे, वरणाचं पातेलं असंच?" असंच.

सकाळी सातला बेल वाजली. दारात काकू, हातात तेच वरणाचं पातेलं. "बोट फिरव," म्हणाल्या. फिरवलं. करकर वाजलं.

ग्रुपवरचा मेसेज त्यांनी काढून टाकलाय. आमच्याकडे परवा पुन्हा टँकर आला, त्यातलं बाटलीभर पाणी मी बाजूला ठेवलंय, सोमवारी तपासून आकडा इथेच खाली लिहितो. घोडबंदर, मानपाडा, कासारवडवली भागातल्या कोणाला आपल्या टाकीचं पाणी तपासून हवं असेल तर स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर भरून ठेवा. वर तारीख लिहा, आणि पाणी पालिकेचं की टँकरचं तेही लिहा.