आखाड्यापायी गेलेले दिवस

कुस्तीच्या नादात लग्नाची तारीख कुस्तीचे मैदान पाहून ठरवली, पेरणी लांबवली, असे कुस्तीशौकिनांनी हसत हसत सांगितलेले एका लेखात वाचले. पण तो नाद नुसता हसण्यावारी नेण्यासारखा नाही, असे मला मनापासून वाटते. माझे वडील कोल्हापूरच्या खासबाग मैदानाची कुस्ती कधी चुकवत नसत. रात्री उशिरा घरी परतले की त्यांच्या धोतराला तांबडी माती लागलेली असे आणि घसा बसलेला असे. आई एका शब्दानेही न बोलता पाणी तापवायला ठेवी. निकाली, म्हणजे चितपट झालेली, कुस्ती झाली की ते जेवताना ताटावरच दोन्ही हातांनी घिस्सा हा डाव कसा बसला ते दाखवत आणि भाकरी तशीच थंड होई.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेले हे मैदान मध्ये खोलगट आहे, त्यामुळे शेवटच्या माणसालाही आखाडा स्पष्ट दिसतो. प्रेक्षकाचा एवढा विचार फार थोड्या ठिकाणी झाला असेल. गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवले होते, आणि खाशाबांनी तेथून कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ज्या वेडातून आले, त्याच वेडाने माझ्या वडिलांच्या कित्येक रात्री आणि पगारातला बराच वाटा नेला, याचे मला आजही वाईट वाटत नाही.