त्याचं आधीचं भारी होतं

एखाद्या इंडी रॉक गायकाचे, म्हणजे बड्या कंपन्यांपासून लांब राहून गाणाऱ्याचे, चाहते व्हायचं तुमच्या मनात असेल आणि राहायला कोल्हापुरात असाल, तर एक गोष्ट आत्ताच ध्यानात घ्या. गाणी ऐकण्यात वेळ घालवू नका. गाणी कुठं पळून जात नाहीत. मत मात्र रात्रीची जेवणं व्हायच्या आत ग्रुपवर पडलं पाहिजे. उशीर झाला तर तुमचं मत दुसराच कोणीतरी टाकून मोकळा होतो, आणि मग मनात नसताना उलटी बाजू घेऊन रात्री दोनपर्यंत भांडत बसावं लागतं.

हे मी भोगून सांगतोय. आमचा नऊ जणांचा ग्रुप आहे आणि आमचा माणूस एलियट स्मिथ. अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. गिटार घेऊन कानात सांगितल्यासारखं गाणारा. २१ ऑक्टोबर २००३ ला गेला, वय ३४. आमच्यातल्या सहा जणांचा जन्म त्यानंतरचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण गायक निवडताना तो हयात नसलेला बरा. जिवंत गायकाचा भरवसा नसतो. तुम्ही इकडं त्याच्यापायी मित्र तोडायचे आणि तो तिकडं कुठल्यातरी कोल्ड्रिंकच्या जाहिरातीत नाचायचा. गेलेल्या माणसाचं एक बरं असतं, आपलं मत त्याच्या नावावर खपवलं तरी तो उठून येत नाही.

आता मूळ मंत्र. ‘त्याचं आधीचं भारी होतं.’ हे वाक्य कोल्हापूरकराला शिकवायला लागू नये. मिसळीबद्दल आपण दुसरं काय बोलतो? पूर्वी मालक स्वतः कट करायचा, पूर्वी रश्श्याला वेगळी चव होती, आता काय राम राहिला नाही. तेच फक्त गिटारला लावायचं.

समजा कोणी म्हणालं, मला १९९८ चा ‘एक्सओ’ अल्बम आवडतो. तुम्ही म्हणायचं, “ड्रीमवर्क्सकडं गेल्यावरचा ना?” आणि पुढं काही बोलायचं नाही. ड्रीमवर्क्स म्हणजे रेकॉर्ड काढणारी मोठी कंपनी, खुद्द स्पीलबर्ग भागीदार. तिथं तंतुवाद्यं आली, पियानो आला, सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं. स्वच्छ ऐकू येणं हा आमच्यात मोठा दोष. मग समोरचा घाबरून १९९७ च्या ‘आयदर/ऑर’वर येतो. तो किल रॉक स्टार्स या छोट्या कंपनीनं काढलेला, म्हणजे घराणं बरोबर आहे. तरी म्हणायचं, “बराय, पण लोकांना फार आवडतो.” असं रेटत रेटत त्याला १९९४ च्या ‘रोमन कँडल’पर्यंत न्यायचं. मैत्रिणीच्या घरातल्या तळघरात, चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर केलेली गाणी. यांचा अल्बम निघेल असं तेव्हा त्याच्या मनातही नव्हतं. आता ज्या अल्बमची गायकालाच कल्पना नव्हती, तो आपल्याला आवडतो म्हटल्यावर आपल्या वर कोण जाणार?

जातात. आमच्यात एक आहे, वडिलांची शिरोलीला फौंड्री आहे, तो याच्याही मागं जातो. एलियट शाळेत असताना मित्रांबरोबर घरगुती कॅसेटी काढायचा, त्या म्हणे खऱ्या. पुढं त्याला कळलं की या माणसाचं बारशाचं नाव स्टीव्हन, एलियट हे त्यानं नंतर लावलेलं. त्या दिवसापासून फौंड्रीवाल्याचं मत असं, की नाव बदललं तवाच तो कमर्शियल झाला. स्टीव्हन होता तोवर नाद खुळा होता.

तांत्रिक शब्द दोनच पुरतात. एक ‘लो-फाय’, म्हणजे घरगुती, खरखरीत रेकॉर्डिंग. हा कुठंही चालतो, शिवाजी पुतळ्यापाशी रेंज गेली तरी चालतो. दुसरा ‘डबल ट्रॅकिंग’. एलियट एकदा गायलेलं जसंच्या तसं पुन्हा गायचा आणि दोन्ही आवाज एकावर एक बसवायचा. श्वाससुद्धा जुळायचे, पण केसाएवढा फरक राहायचा, आणि त्या फरकामुळं एकच माणूस शेजारी बसून स्वतःशीच बोलतोय असं वाटतं. खरोखर सुंदर गोष्ट आहे. पण ती ओळखायला जाऊ नका. मी गेलो होतो. ताराबाई पार्कात एकाच्या गच्चीवर बसलो होतो, गाणं सुरू झालं आणि मी डोळे मिटून म्हणालो, “बघा, आवाज कसा उलगडतोय.” चांगली पाच मिनिटं दाद दिली. मग लक्षात आलं की दोघांच्या मोबाइलवर एकच गाणं अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं चाललं होतं. त्या दिवसापासून मी गाणं चालू असताना मत देत नाही. आधी देतो, नाहीतर नंतर.

‘आयदर/ऑर’ हे नाव एका डॅनिश तत्त्वज्ञाच्या १८४३ सालच्या पुस्तकाचं. पुस्तक आमच्यात कोणी वाचलेलं नाही. पण त्या तत्त्वज्ञाचा उच्चार किर्केगार्ड की किर्केगोर यावर तीन दिवस चर्चा झाली, दोघं ग्रुप सोडून गेले आणि रविवारी परत आले.

कोणी म्हणेल, ही अमेरिकेची थेरं कोल्हापुरात कुठनं आली? त्याला सांगा, बाबा, ही इथलीच आहेत. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब होते. त्यांचा आवाज ऐन उमेदीत बिघडला आणि त्या बिघडलेल्या आवाजातून त्यांनी वळणावळणाची, लयीशी खेळणारी नवी गायकी उभी केली, जी पुढं केसरबाई आणि मोगूबाईंच्या गळ्यातून देशभर गेली. आणि खाँसाहेबांनी आपलं गाणं रेकॉर्ड होऊ दिलं नाही. काय समजलात? तळघर नाही, चार ट्रॅक नाही, एक कॅसेटसुद्धा मागं ठेवली नाही. याच्यापेक्षा इंडी माणूस दाखवा मला. (फौंड्रीवाल्याला हे पटत नाही. त्याच्या मते दरबाराचा पगार घेतला म्हणजे संस्थान हे मेजर लेबलच, म्हणजे बडी रेकॉर्ड कंपनीच झालं.) गाण्याच्या बैठकींचा देवल क्लब इथं १८८३ पासून आहे. म्हणजे बैठकीला मागं बसून शेजाऱ्याच्या कानात ‘हे ठीक, पण यांच्या गुरूंना ऐकायला पाहिजे होतं’ असं पुटपुटायची आपली सव्वाशेहून जास्त वर्षांची तालीम आहे. आमच्या आजोबांचे एक स्नेही होते, खाँसाहेबांचा बिघडण्याआधीचा आवाज कसा होता ते हातवारे करून सांगायचे. तो आवाज बिघडला तेव्हा त्यांचे वडील जन्मले असतील-नसतील. एलियटच्या शाळेतल्या कॅसेटी त्यापुढं काय घेऊन बसलात!

तरी आमच्यापेक्षा पेठांतले फुटबॉलवाले सुधारलेले म्हणायचे. शाहू स्टेडियमवर भांडायचं असेल तर निदान आधी मॅच बघावी लागते.

आता जरा नाजूक विषय. ऑस्कर. २३ मार्च १९९८ ची रात्र. एका चित्रपटातल्या गाण्याला नामांकन मिळालं म्हणून एलियट पांढरा सूट घालून, गिटार घेऊन, मागं अख्खा ऑर्केस्ट्रा अशा थाटात त्या मंचावर उभा राहिला. गाणं कापून छोटं केलेलं. समोर जगातले सगळे बडे लोक, आणि स्पर्धेत ‘टायटॅनिक’. त्या रात्री ‘टायटॅनिक’नं ११ ऑस्कर नेली, त्यात सेलिन डिऑनच्या गाण्याचं एक. शेवटी सेलिन डिऑन, ट्रिशा इयरवुड आणि एलियट यांनी हातात हात धरून वाकून नमस्कार केला.

हा प्रसंग चाहत्यानं कसा वापरावा? फार सोपं आहे. जग कसं मूर्ख आहे याचा पुरावा म्हणून. कोणाच्या लग्नात बँडवाल्यांनी ‘टायटॅनिक’ची धून वाजवली की वरातीतून बाजूला व्हायचं. फोटो काढायचा. खाली लिहायचं, ‘१९९८, विसरलो नाही.’ मी सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नात हे केलंय. मावशी अजून मला भाकरी वाढताना दुसरीकडं बघते.

फक्त एक काळजी घ्या. एलियटच्या मुलाखती वाचू नका. तिथं घोटाळा आहे. त्या रात्री सेलिन डिऑननं त्याची आपुलकीनं विचारपूस केली होती, आणि पुढं कोणी तिला नावं ठेवायला लागलं की हा गडी तिचीच बाजू घ्यायचा. शिवाय बीटल्सवर त्याचा जीव होता. बीटल्स! ज्यांचं नाव भेळवाल्यालाही माहिती. १९९९ साली त्यानं त्यांचं गाणं एका चित्रपटासाठी गायलंसुद्धा. हे सगळं बाहेर आलं तर आमची पाच वर्षांची भांडणं पाण्यात जातील. म्हणून आम्ही ठरवलंय, एलियटचं संगीत थोर, पण संगीताबद्दलचं त्याचं मत कच्चं. त्याला आमच्या ग्रुपमध्ये घेतला असता की नाही, सांगता येत नाही.

भक्ती दिसायलाही पाहिजे. लॉस एंजेलिसला सनसेट बुलेव्हार्डवर एक भिंत आहे, पांढऱ्यावर लाल-काळे वळणदार पट्टे. ‘फिगर ८’ या अल्बमच्या कव्हरवर एलियट तिच्यापुढं उभा आहे. तो गेल्यापासून लोक तिथं फुलं ठेवतात, भिंतीवर निरोप लिहितात. फौंड्रीवाल्यानं वडिलांना न विचारता कारखान्याच्या कंपाउंडवर तसेच पट्टे काढले. रात्रभर तीन जण खपत होते. सकाळी पहिल्या शिफ्टच्या एका मामांनी थांबून नीट बघितलं आणि विचारलं, “कुठल्या रंगाच्या कंपनीची जाहिरात रं ही?” दोन दिवसांनी पट्ट्यांवर एका भावी नगरसेवकांचा वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. तो उतरला तेव्हा खाली कोणीतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘येथे लघवी करू नये’. वडिलांनी लिहिलं असावं असा आमचा संशय आहे. निरोप लिहायची प्रथा मात्र पाळली गेली.

दर २१ ऑक्टोबरला आम्ही रंकाळ्यावर जमतो. तुम्हीही काढा असा कार्यक्रम, पण नियोजन आमच्यासारखं चोख ठेवा. गेल्या वर्षीचं सांगतो. साडेसहाला सगळे आले, संध्यामठाच्या बाजूला कठड्यावर बसलो, मधे स्पीकर ठेवला, चार्जिंग साठ टक्के. भेळ सांगितली. पहिलं गाणं कुठलं लावायचं असा प्रश्न निघाला. मी ‘आयदर/ऑर’ म्हणालो तर राजारामपुरीवाला हसला. का हसलास म्हटलं तर म्हणाला, हसलो नाही, तिखट लागलं. त्यावरून मागचं सगळं निघालं. किर्केगोर निघाला. मावसबहिणीचं लग्न निघालं. पावणेआठला स्पीकरनं टुंग करून मान टाकली; तो मघापासून चालू ठेवलेला होता, एवढंच की त्यावर काही लावलेलं नव्हतं.

भेळवाला कागद गोळा करायला आला. म्हणाला, “गाणं लावणार हुता न्हवं?”

तेवढ्यात लक्षात आलं की कडेला बसलेला नवा पोरगा भांडणात नव्हताच. पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंगला, गडहिंग्लजकडचा, महिन्यापूर्वी ग्रुपमध्ये आलेला. कानात वायरचे इअरफोन, त्यातला एक चिकटपट्टीनं जोडलेला. पाण्याकडं तोंड करून बसलेला. भेळ तशीच, पाणी सुटून मऊ पडलेली. फौंड्रीवाल्यानं त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्यानं दचकून बघितलं आणि बाहीनं नाक पुसलं.

“काय ऐकतोयस?”

“एलियट.”

“ते कळलं. कुठला अल्बम?”

“माहीत नाही दादा. एक संपलं की दुसरं लागतंय.”

“साल?”

त्यानं मान हलवली.

रात्री ठराव झाला आणि त्याला ग्रुपमधून काढलं. अशा बाबतीत तुम्हीही दया दाखवू नका; एकाला सोडलं की उद्या सगळेच ऐकायला लागतील. मतं टाकली गेली, आठ विरुद्ध शून्य, त्यातलं एक माझंही. काढण्याआधी मी त्याला खासगीत विचारून घेतलं, बाबा, ते कुठलं गाणं होतं, शेवटी, भेळवाला आला तेव्हा लागलेलं? म्हणाला, नाव नाही बघितलं, पण सुरुवातीला खुर्ची कुरकुरल्यासारखा आवाज येतो बघा, ते.

पाच वर्षं झाली मला या ग्रुपात. खुर्ची कुठल्या गाण्यात कुरकुरते ते मला माहीत नाही, आणि आठ जणांत कोणाला विचारायची सोय नाही. ‘रोमन कँडल’पासून सुरुवात केलीय. दार लावून, आवाज बारीक ठेवून. कोणाला सांगू नका.