फॉल्स लिहिलंय की!

काल ऑफिसातून निघता निघता मला पकडलं. फॉर्मवरचं सबमिटचं बटण दाबलं जात नाही आणि सकाळी क्लायंटसमोर डेमो. ज्याने कोड लिहिला तो निरोपाचा केक खाऊन केव्हाच बंगळुरूला गेलाय. इथवर ठीक होतं. पण माझ्या खुर्चीमागे आमचे डिलिव्हरी मॅनेजर उभे राहिले, एका हातात चहा, दुसऱ्या हातात खारी.

"सापडलं?"

"सापडलं सर. बटण बंद करणाऱ्या डिसेबल्डची किंमत फॉल्स, म्हणजे नाही, दिलीय."

"म्हणजे बटण चालू."

"बंद, सर."

"अरे, फॉल्स लिहिलंय की!"

"सर, हे ॲट्रिब्यूट, म्हणजे एचटीएमएलमध्ये बटणाला चिकटवलेली सूचना, नुसतं हजर असलं की बटण बंद. किंमत कोणी वाचत नाही. फॉल्स लिहा, ट्रू लिहा, श्री गजानन प्रसन्न लिहा."

सर वाकले. खारीचा चुरा माझ्या कीबोर्डात.

"लिही बघू."

"काय?"

"गजानन."

लिहिलं. बटण बंद. सरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "फॉल्स कॅपिटलमध्ये टाकून बघ." तेही टाकलं. मग त्यांनी लिफ्टकडे निघालेल्या एचआरच्या मॅडमना हाक मारली. "अहो, इकडे या, गंमत बघा. नाही लिहिलंय, तरी हो!" मॅडमनी मान डोलावली. त्यांच्या खात्यात यात नवल काहीच नसावं.

"मग तिथे किंमत लिहायची सोय ठेवलीच कशाला?" सरांनी विचारलं. चीड याचीच येते, की प्रश्न रास्त होता. जावास्क्रिप्टमधून बटणाच्या डिसेबल्ड प्रॉपर्टीला (कोडला दिसणाऱ्या त्याच्या गुणाला) फॉल्स दिलं की बटण निमूट चालू होतं. ॲट्रिब्यूटला तेच दिलं तर ढिम्म. नाव एक, कायदे दोन. हे मी सरांना सांगितलं नाही. घरी जायचं होतं.

ॲट्रिब्यूट आख्खंच काढून टाकलं, बटण चालू झालं, आणि लगेच पुढची ओळ लाल, म्हणजे एरर. बंगळुरूकराने वरच्या बटणाचं टायटल ॲट्रिब्यूट गेटॲट्रिब्यूटनोडने ऑब्जेक्ट म्हणून उचललं होतं आणि तेच सेटॲट्रिब्यूटनोडने खालच्या बटणाला लावायला घेतलं होतं. साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, दिली असती तर कुणाची हरकत नव्हती. पण ऑब्जेक्ट म्हटलं की रेशनकार्डाचा न्याय: जुन्या कार्डातून नाव कमी केल्याशिवाय नव्यात चढत नाही. नाहीतर त्याची प्रत काढून ती लावा.

या ऑब्जेक्टचं घराणंही विचित्र. ऑक्टोबर 1998 मध्ये डॉमची, म्हणजे वेबपानाचे भाग कोडमधून हाताळायच्या नियमांची, पहिली आवृत्ती पक्की झाली, तेव्हा ॲट्रिब्यूट हा नोड (पानाच्या झाडातला एक घटक) ठरला, नोडटाइप 2. पण एलिमेंटचं, म्हणजे बटणासारख्या टॅगचं, मूल मात्र नाही. पॅरेंटनोड विचारलं तर नल, म्हणजे कोणीच नाही. मालक कोण ते सांगायला ओनरएलिमेंट वेगळं आलं. डॉम 4 मध्ये त्याला नोडांच्या घराण्यातून बाहेर काढलं, पुढे परत आत घेतलं. आणि या सगळ्याचे चटके कुणाला? संध्याकाळी सात वाजता मला.

"आता ते जुने डेटा-वाले ॲट्रिब्यूट काढून टाक," सर म्हणाले. त्यासाठीही बंगळुरूकराचा लूप, म्हणजे एकेक करून काढत जाणारा कोड, तयार होता. चालवला. अर्धेच गेले.

"अर्धे का ठेवलेस?"

मी ठेवले नव्हते. ॲट्रिब्यूट्सची ती यादी जिवंत असते: एक काढला की मागचे सगळे एक घर पुढे सरकतात, आणि लूप सरकून आलेल्याला ओलांडून जातो. शेवटाकडून काढत यावं, किंवा यादीची आधी ॲरे, म्हणजे न हलणारी प्रत, करून घ्यावी. हे सांगत होतो तेव्हा सर फोनवर क्लायंटला म्हणत होते, "हो हो, छोटासा इश्यू होता, आमची टीम बसलीय." टीम म्हणजे मी. बसलेलाही मीच.

शेवटी सगळं चाललं. सरांनी स्वतः बटण दाबून पाहिलं, आणि पुन्हा पुन्हा दाबलं, त्यामुळे टेस्टच्या डेटाबेसमध्ये एकाच माणसाच्या नोंदींची रांग लागली. ती पुसायलाही मीच. हे तास टाइमशीटमध्ये कुठे भरू म्हणून विचारलं, तर म्हणाले नॉन-बिलेबलमध्ये टाक. बटण चालणं करारात आधीच धरलेलं आहे.