जुना पीसी, नवं ग्राफिक्स कार्ड आणि ग्रुपवर फिरणारा मेसेज

ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: पाच वर्षांहून जुन्या डेस्कटॉपमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड टाकू नका, पैसे पाण्यात जातील. कारणं पाच दिलीत. जुना स्लॉट (मदरबोर्डावरची कार्ड बसवायची खाच) कार्डाचा वेग निम्मा करतो. जुना प्रोसेसर ‘बॉटलनेक’ होतो, म्हणजे कार्डाला अडवून ठेवतो. ७५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) नसेल तर मदरबोर्ड जळतो. विंडोज ११ चालत नसेल तर कार्डाचा उपयोग नाही. आणि थोडेच पैसे जास्त घातले की नवा पीसी येतो. लिहिणाऱ्याला काहीच कळत नाही असं नाही. पण कॅबिनेट न उघडता, नुसत्या वयावरून त्याने निकाल दिलाय.

स्लॉटपासून सुरुवात करू. स्लॉटच्या आजच्या पद्धतीला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. तिचं नवं कार्ड जुन्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये चालतं, ती सोय मुद्दाम ठेवलेली आहे. २०१२ ते २०२० मधल्या बहुतेक इंटेल डेस्कटॉपवर ३.० आवृत्ती सापडेल. तिच्या सोळा लेनमधून, म्हणजे डेटाच्या समांतर वाटांमधून, सेकंदाला साधारण १६ गीगाबाइट जातात, ४.० मधून दुप्पट. ‘निम्मा वेग’ आला तो इथून. पण हा वेग कार्ड आणि बाकीचा कॉम्प्युटर यांच्यामधल्या वाहतुकीचा आहे, कार्डाच्या कामाचा नव्हे. टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) एकदा कार्डाच्या मेमरीत उतरलं की या रस्त्यावर फारशी गर्दी नसते. रात्री दोन वाजता कोपरी पुलावर चार लेन असोत की आठ, रिक्षावाल्याला काय फरक पडतो? म्हणून एएमडीचं आरएक्स ६६०० किंवा एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० अशी आठ लेनची, ८ जीबीची कार्डं ३.० वर एरवी थोडीशीच मागे पडतात.

फसगत होते ती त्याहून स्वस्त कार्डांत, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. २०२२ सालचं आरएक्स ६५०० एक्सटी बघा. लेन चारच, मेमरी ४ जीबी. म्हणजे ३.० स्लॉटवर सेकंदाला जेमतेम ४ गीगाबाइट. आजच्या गेममध्ये ४ जीबी भरायला वेळ लागत नाही. मग टेक्स्चर सारखं मुख्य रॅममधून ओढावं लागतं आणि चित्र अडखळतं. त्यात चित्राचा व्हिडिओ बनवणारा एन्कोडरही नाही, त्यामुळे स्ट्रीमिंग करणाऱ्याची दुहेरी पंचाईत. इंटेलच्या आर्क कार्डांचं दुखणं वेगळं. बोर्डावर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय नसेल तर ती बरीच मंदावतात, आणि इंटेल स्वतःच दहाव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर सुचवतं. या कार्डांपुरता इशारा रास्त आहे. २०१२ च्या आधीच्या, यूईएफआय (बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर, याची नवी पद्धत) नसलेल्या बोर्डांवर काही नवी कार्डं स्क्रीनच दाखवत नाहीत, तेही खरं.

आता बॉटलनेक. मेसेजसोबत कुठल्याशा कॅल्क्युलेटरचा स्क्रीनशॉट आहे, ‘३८ टक्के बॉटलनेक’. असा एकच आकडा काढता येतच नाही, कारण तो गेमगणिक आणि रेझोल्यूशनगणिक बदलतो. पीसीत काही ना काही भाग बाकीच्यांना थांबवणारच, प्रश्न एवढाच की तुमच्या कामात तो कोणता. तपासणं सोपं आहे. आहे त्या कार्डावर गेम चालवा आणि रेझोल्यूशन उतरवा. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम भराभर वाढल्या तर अडसर कार्डाचा होता. तिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसरचा. इंटेलचा चौथ्या पिढीचा चार कोर, चार थ्रेडचा (एका वेळी चारच कामं उरकणारा) आय५ नव्या गेममध्ये दमतो, हे मान्य. सहा कोरवाला आय५-८४०० मात्र मधल्या पट्टीतल्या कार्डाला पुरतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर रायझन ५ १६०० असेल तर बोर्डाला बायोस अपडेट आहे का बघा. बहुतेकदा त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो. आणि ऐरोलीतली एखादी अ‍ॅनिमेशन शिकणारी मुलगी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सवर, सेटिंगमध्ये कार्ड निवडून, रेंडर करत असेल, तर तिचं बहुतेक काम कार्डावरच होतं. तिला हा मुद्दा जवळजवळ लागूच नाही.

एसएमपीएसचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण भीती खरी आहे आणि आकडा चुकीचा. ७५० वॉट एनव्हिडिया सुचवते ती आरटीएक्स ३०८० सारख्या कार्डाला. आरटीएक्स ४०६० स्वतः ११५ वॉट घेतं आणि त्याला ५५० सांगितलेत. आरएक्स ६६०० ला ४५०. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती ७० वॉटची. स्लॉटच ७५ वॉट देतो, म्हणून तिला वेगळी केबलही लागत नाही. बघायचं ते एसएमपीएसवरच्या लेबलवर. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० छापलेलं असतं, पण १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर दिसले तर तिथे मिळणार १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांनी त्यातच भागवायचं. असा एसएमपीएस बदलाच, आणि मोलेक्स या जुन्या चार पिनच्या जोडणीवरून कार्डाच्या आठ पिनच्या केबलचा जुगाड करू नका. चांगला एसएमपीएस ताण आला की स्वतःहून बंद होतो, वाईटाचा भरवसा नाही. घरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर सहसा ३६० वॉटच निघतात, तेही हिशेबात धरा. घोडबंदर रोडलगत राहत असाल तर आधी पंख्यांतली धूळ काढा. तिथल्या बांधकामांच्या धुळीने पंखे कसे भरतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

ऑफिसांतून निघालेले सडपातळ रिफर्बिश्ड डेस्कटॉप घरोघरी आलेत. त्यांच्या बाबतीत मेसेज बऱ्यापैकी बरोबर आहे. एसएमपीएस त्यांचा स्वतःच्या घाटाचा, कार्डासाठी केबल नाही, आणि बसतं फक्त अर्ध्या उंचीचं कार्ड. ३०५० ६ जीबीचं तसं कार्ड मिळतं, पण ते सहसा दोन स्लॉट जाड असतं. मोजपट्टी घेऊनच दुकानात जा.

विंडोज ११ चा कार्डाशी संबंध नाही. आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक सगळे इंटेल प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ही अडचण कार्ड न घेताही तशीच उरते.

राहिलं ‘थोडेच पैसे जास्त’. नव्या पीसीतही कार्ड लागणारच, वर नवा बोर्ड, नवा प्रोसेसर. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटचा बोर्ड घ्याल तर रॅम डीडीआर५ च लागते, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत. आज घेतलेलं कार्ड मात्र पुढे नव्या बोर्डावर जसंच्या तसं चढतं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट जुन्या पीसीवाल्यांना हमखास नडते: मॉनिटर. मागे फक्त निळं व्हीजीए सॉकेट असेल तर आजच्या कार्डांतून तो सिग्नल निघतच नाही. त्यासाठी एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, नुसती केबल चालत नाही. वाशीच्या सेक्टर १७ मध्ये जा की लॅमिंग्टन रोडला, कार्डाच्या बिलातच तो मागून घ्या.