दहिसर नदीला भिंती नकोत, काठ हवेत

बोरिवली-दहिसरच्या लोकांनो, एकदा ऑगस्टमध्ये नॅशनल पार्कात आत जाऊन आपली नदी बघून या, प्लीज. १८७९ साली बांधलेला तुळशी तलाव भरला की त्याचं पाणी जंगलातून खाली येतं, तीच ही दहिसर नदी. आतमध्ये अगदी ओढ्याएवढी आहे, पण पाणी इतकं नितळ की तळातले गोटे दिसतात, उंबराची मुळं पाण्यात उतरलेली असतात, आणि एखादा दगड जरा हलवला की खालून खेकडा आडवा पळतो. पाऊस धो धो पडला तरी पालापाचोळा, मुळं, दगड पाण्याला अडवतात, थोडं जिरवतात आणि मग सावकाश पुढे सोडतात.

तेच पाणी पार्कच्या बाहेर आलं की काय होतं? श्रीकृष्णनगर, दौलतनगर करत मनोरीच्या खाडीला मिळेपर्यंत त्याच्यात गटारं येतात, तबेल्यांचं शेण येतं, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेलं निर्माल्य येतं. अख्खी नदी जेमतेम १२ किलोमीटरची हो! आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, सगळीकडे पाणी भरलं, तेव्हापासून एकच उपाय, दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती. घरात पाणी शिरलेल्या माणसाला भिंत हवीशी वाटणार, ते मला कळतं. पण भिंतीने पाणी जिरत नाही, उलट जोरात पुढे जातं आणि खालच्या वस्तीत भरतं, वर भरतीची वेळ असली तर खाडीही ते घेत नाही.

पार्कातच वर कान्हेरीला जाऊन बघा, शंभरावर लेणी आहेत, दोनेक हजार वर्षांपूर्वीपासून खोदलेली, आणि कातळात पन्हळी कोरून पावसाचं पाणी पोढ्यांमध्ये, म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्यांमध्ये, साठवलंय. पोढी दान दिल्याचे शिलालेखसुद्धा आहेत तिथे! डोंगरावरचं पाणी थांबवायचं असतं हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं.

माझं म्हणणं इतकंच आहे की जिथे अजून मोकळा काठ उरलाय तिथे तरी काँक्रीट ओतू नका, माती राहू द्या, करंज-उंबर लावा. आणि दरवर्षी पावसाळ्याआधी गाळ काढायला टेंडर निघतं, मग वर्षभर नदीत घाण सोडणाऱ्या लाइनी बंद करायला कोणी का जात नाही? आपल्या सोसायटीची लाइन नक्की कुठे जाते ते पुढच्या मीटिंगमध्ये विचारा, मी आमच्याकडे विचारणारे.