‘६००० ची रॅम म्हणजे दुप्पट वेग’ हे खरं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतोय: “डीडीआर४ ची ३२०० सोडा, डीडीआर५ ची ६००० घ्या. कॉम्प्युटर जवळपास दुप्पट पळतो, बेंचमार्कच सांगतो. बजेट असेल तर त्याहून मोठा आकडा बघा.” वर्षभर पैसे साठवून पीसी जोडणारी मुलं हे वाचून खर्च करतात. म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. (डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या. ३२०० किंवा ६००० हा रॅमचा वेग, म्हणजे ती सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटा पाठवते तो आकडा. बेंचमार्क म्हणजे वेग मोजणारी चाचणी.)

‘बेंचमार्क दुप्पट दाखवतो.’ दाखवतो, पण कशाचं दुप्पट? तो आकडा बँडविड्थचा असतो, म्हणजे एका सेकंदात किती डेटा वाहून नेता येतो त्याचा. दोन चॅनेलवर (म्हणजे दोन पट्ट्या, दोन स्वतंत्र मार्गांवर) ३२०० ची कमाल क्षमता सेकंदाला ५१.२ जीबी आणि ६००० ची ९६ जीबी. इथवर सगळं बरोबर आहे. मात्र गेम असो वा रोजचं काम, प्रोसेसरला बऱ्याचदा डेटाचा ढीग नको असतो. त्याला एक छोटा तुकडा हवा असतो आणि तो येईपर्यंत प्रोसेसर खोळंबतो. हा खोळंबा म्हणजे लेटन्सी. तिचा एक भाग पाकिटावरच्या सीएल आकड्यावरून (रॅमला उत्तर द्यायला किती क्लॉक, म्हणजे ठोके, लागतात तो) काढता येतो: सीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा. ३२०० सीएल१६ चं उत्तर १० नॅनोसेकंद. ६००० सीएल३० चंही १० च. आणि स्वस्तात मिळते म्हणून ६००० सीएल४० उचललीत तर १३.३, म्हणजे जुन्या रॅमपेक्षा जास्त!

बरं, ते ९६ जीबी तरी पूर्ण पदरात पडतात का? रायझन ७७००एक्ससारख्या, कोअर एकाच चिपलेटवर (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या चिपवर) असलेल्या प्रोसेसरमध्ये चिपलेट आणि रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर यांच्यातला दुवा एका क्लॉकला ३२ बाइट वाचतो. हा दुवा २००० मेगाहर्ट्झवर चालला तर हिशेब ६४ जीबीवर थांबतो. बँडविड्थचा खरा फायदा होतो तो ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला, कारण तिथे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं.

‘आकडा जितका मोठा तितकं चांगलं.’ एएम५ बोर्डावर (एएमडीच्या रायझन ७००० सारख्या प्रोसेसरसाठीच्या) साधारण ६००० ते ६४०० पर्यंत मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने चालतो. त्यापुढे तो बहुतेक वेळा निम्म्या वेगावर उतरतो आणि लेटन्सी वाढते. एएमडीने रायझन ७००० च्या वेळी ६००० हाच सोयीचा वेग म्हणून सांगितला होता. रायझन ७८००एक्स३डी प्रोसेसर असेल तर त्याच्या ९६ एमबी एल३ कॅशमुळे (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीमुळे) गेममध्ये रॅमचा फरक आणखी कमी जाणवतो.

तिसरी गोष्ट त्या सल्ल्यात गृहीतच धरली आहे: पाकिटावर ६००० लिहिलंय म्हणजे रॅम ६००० वर चालते. भाच्याने नवा पीसी दाखवायला बोलावलं तेव्हा मी टास्क मॅनेजरमध्ये मेमरी उघडली. वेग ४८००! सीएल ४०. म्हणजे १० च्या जागी १६.७ नॅनोसेकंद, आणि तेही चार महिने. जोडून देणाऱ्याने बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमला पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सोय, चालू केलंच नव्हतं. (इंटेलच्या बोर्डावर त्याला एक्सएमपी म्हणतात.) सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ३००० दिसलं तर घाबरू नका. डीडीआर रॅम एका क्लॉकमध्ये दोनदा डेटा पाठवते, त्यामुळे ते ६००० च आहे.

स्वतः मोजायचं असेल तर मशीन तेच ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक चाचणी निदान तीनदा घ्या. फोर-के आणि अल्ट्रा सेटिंगवर गेम चालवून रॅम तपासू नका, तिथे ग्राफिक्स कार्डच आधी दमतं. १०८० पी आणि कमी सेटिंग ठेवा, सरासरीसोबत सर्वांत संथ १ टक्का फ्रेमही बघा. स्ट्रीमसारखी बँडविड्थ चाचणी चालवताना तिचा अ‍ॅरे (चाचणीत वापरायचा डेटा) कॅशच्या किमान चौपट ठेवा, नाहीतर रॅमऐवजी कॅशच मोजली जाईल.

आणि ज्यांच्याकडे आज डीडीआर४ आहे त्यांनी आधी झाकण उघडून पाहावं. डीडीआर५ त्या स्लॉटमध्ये बसतच नाही, तिच्यासाठी बोर्डही बदलावा लागतो. आत ३२०० ची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या स्लॉटमध्ये लावा. बँडविड्थ २५.६ वरून ५१.२ जीबी होईल, तीही एका पट्टीच्या खर्चात.