पात्रांव, पावसाळ्यात खाण अशी सांभाळा

पात्रांव (गोव्यात मालकाला असंच म्हणतात), उघड्या लोहखाणीवरच्या पाण्याची व्यवस्था कशी लावायची, असं विचारलंत म्हणून सांगतो. पहिलं म्हणजे मे महिन्यात काहीही करू नका. मे हा खनिज काढायचा महिना. टिप्पर धावताहेत, जेटीवर बार्ज ताटकळलेत, आणि अशात एखादा नवशिका इंजिनियर येऊन म्हणेल, पिटाच्या, म्हणजे खाणीच्या खड्ड्याच्या, वरच्या अंगाने चर मारू, डोंगराचं पाणी बाहेरच्या बाहेर वळवू. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. चर मारायचा तर एक एक्स्कॅव्हेटर अडकणार. शिवाय स्वच्छ पाणी खाणीत शिरलंच नाही, तर जे लाल पाणी बाहेर पडेल ते निव्वळ तुमचं ठरेल. दोन्ही मिसळू द्या. मग अख्खा डोंगर तुमचा भागीदार.

हिशेब तर अजिबात मांडू नका. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सत्तरी-सांग्याकडे आणखी जास्त, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. दिवसाला १०० मिलिमीटर पडला तर इकडे कोणी छत्रीसुद्धा बदलत नाही. पण तोच पाऊस ५० हेक्टर उघड्या मातीवर पडला की ५ कोटी लिटर पाणी होतं. पर्यावरण दाखल्यात एक अट असते, की अचानक कोसळणारा जास्तीत जास्त पाऊस धरून त्यावर आणखी ५० टक्के जागा संपमध्ये, म्हणजे पाणी साठवायच्या खड्ड्यात, हवी. अट छान आहे. अहवालात तशीच्या तशी उतरवून काढा आणि नकाशावर गाळ बसवायचे पाँड (तळी) ठळक निळ्या रंगात दाखवा. निळा रंग पाहिला की तपासणीला आलेल्या साहेबाला बरं वाटतं.

पाँडात गाळ बसायला वेळ लागतो, हा सगळा निसर्गाचा ढिसाळपणा. वाळू बिचारी लगेच तळाला जाते. आपल्या डंपातल्या, म्हणजे टाकून दिलेल्या मातीच्या ढिगातल्या, चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण मात्र स्थिर पाण्यातही मीटरभर खाली जायला तीन दिवस घेतो. तुमच्या पाँडात पाणी थांबतं चहा होईपर्यंत. पाँड एकापुढे एक तीन खणावेत, मध्ये आडवे बांध घालून पाण्याला वळसा द्यावा, गेल्या साली साचलेला गाळ उन्हाळ्यात उपसावा, हे सगळं जाणकार सांगतातच. पण उपसू नका. पाँड काठोकाठ गाळाने भरलेला असला की पाणी रेंगाळत नाही, वरच्या वर निघून जातं. आणि उपसलेला गाळ ठेवायचा कुठे? डंपावर. तिथून तो जुलैत पुन्हा पाँडात येणार. एवढा फुकटचा प्रवास कशाला?

डंपाचं म्हणाल, तर टनभर खनिजामागे दोन-तीन टन माती निघते. ती टाकायला व्हाळाच्या (ओढ्याच्या) डोक्यावरची जागा उत्तम, कारण ती जवळ पडते. पायथ्याला चिऱ्यांची भिंत आणि उतारावर काथ्याची जाळी घालायचीच असेल तर रस्त्यावरून दिसेल त्या अंगाला घाला. वर चार ऑस्ट्रेलियन बाभळी लावा, फोटोत जंगल दिसतं. बांध मातीचा, घाईचा आणि थेट वस्तीच्या वर असावा. दोडामार्गातल्या कळण्याला २०२१ च्या जुलैत खाणीचा बांध फुटला आणि गढूळ लोंढा घरांत, शेतांत, बागायतीत शिरला. बातमी चार दिवस चालली. माती गावकऱ्यांनी चालवून घेतली.

खाली कुणाचं शेत असेल तर घाबरू नका. भाताच्या खाचरात गाळ बसला की वाळून त्याचा कडक पापुद्रा होतो, रोप धरत नाही. शेतकरी येईल, त्याला नुकसानभरपाई द्या. पाँडापेक्षा ती स्वस्त पडते. पुढच्या पावसात तोच गाळ, तेच शेत, तीच सही. दोन-चार वर्षांत तो पेरायचाच थांबतो. मग पडीक जमिनीचं कसलं आलंय नुकसान, असं विचारायला तुम्ही मोकळे.

शेताच्याही खाली नदी आहेच. खांडेपार नदीचं पाणी ओप्याच्या जलप्रकल्पात उचलतात, तिथून ते फोंड्याला आणि पणजीकडे नळाने जातं. गाळ बसवायची यंत्रणा तिथे सरकारी खर्चाने तयार आहे, तुरटीसकट. तुम्ही वेगळी कशाला उभारता? नियम म्हणतो, नदीत सोडायच्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर तरंगता गाळ नको. नमुना जानेवारीत घ्या. तेव्हा व्हाळात पाणीच नसतं, त्यामुळे आकडा सुंदर येतो.

आणि खाण बंद पडली तर? २०१२ साली पडली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज (खाणपट्टे) रद्द केल्यावर पुन्हा पडली. टिप्पर थांबले, कामगार घरी बसले. पावसाला मात्र आदेशाची प्रत मिळाली नाही. डंप वाहत राहिले, पिट भरत राहिले, आणि पंप कोणी चालवायचा यावर पत्रव्यवहार सुरू झाला. तुम्ही त्यात पडू नका. भरलेल्या पिटाला जलसंधारण म्हणा, पर्यटन खात्याला पेडल बोटींचा प्रस्ताव पाठवा. कुंपणाचा खर्च लिलावात लीज घेणाऱ्या पुढच्या पात्रांवाच्या नावे लिहून ठेवा. तोही तो पुढे कुणाच्या तरी नावे लिहीलच.